जकातीच्या भिंतीबाहेरचं जेवण

पॅरिसच्या उपनगरातल्या बिस्त्रोत जेवायचं असेल तर कामाचा दिवस निवडावा आणि सव्वाबाराच्या आत टेबल धरावं. सँ-दनी, इव्री, माँत्रय, ओबेर्व्हिलिए या गावांतल्या कितीतरी बिस्त्रोंच्या शेगड्या संध्याकाळी पेटतच नाहीत आणि शनिवार-रविवारी शटर खाली असतं. पर्यटकाच्या मनात बिस्त्रो म्हणजे मेणबत्ती, वाइन आणि दोघांची रात्र. ती हौस पॅरिसच्या मध्यवस्तीत भागते, आणि बहुधा महागात भागते. बिस्त्रो ज्या कामासाठी उभा राहिला ते काम मात्र अजून उपनगरात, दुपारी बारा ते अडीचमध्ये चालतं: राबणाऱ्या माणसाला तासाभरात ताजं शिजवलेलं जेवण, नीट बसवून, चिनीमातीच्या ताटात वाढायचं. फ्रान्सच्या तारांकित रेस्तराँबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला त्या देशाची खरी थोरवी या दोन-अडीच तासांत दिसते.

ही जागा शहराबाहेर गेली ती जकातीमुळे. दहिसर-मुलुंडचे जकात नाके मुंबईकरांनी २०१७ पर्यंत पाहिले. पॅरिसभोवती तर जकातीसाठी अख्खी भिंत होती. सरकारच्या वतीने कर वसूल करणाऱ्या मक्तेदारांनी १७८५च्या सुमारास ती बांधायला घेतली. लांबी सुमारे २४ किलोमीटर. क्लोद-निकोला लदू या वास्तुविशारदाने तिच्या नाक्यांना देवळांसारखे खांब दिले. भिंतीच्या आत येणाऱ्या वाइनवर कर होता, बाहेर प्यायल्या जाणाऱ्या वाइनवर तो नव्हता. मग लोकच वाइनकडे चालत गेले. रविवारी बायकामुलांसह वेस ओलांडायची, बेलव्हीलच्या चढावर एखाद्या गुत्त्यात बसायचं, स्वस्त वाइनबरोबर काहीतरी तळलेलं खायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, हा कष्टकरी पॅरिसचा रिवाज झाला. जुलै १७८९मध्ये बास्तीयचा तुरुंग पडला, पण त्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत लोकांनी हेच नाके पेटवले होते. क्रांतीच्या पहिल्या आगी रोजच्या खाण्यापिण्यावरच्या कराला लागल्या, हे इतिहासाच्या पुस्तकात ठळक छापायला हवं.

जकात १७९१मध्ये गेली आणि सातच वर्षांत परत आली. १८६०मध्ये पॅरिसने भोवतालची गावं पोटात घेतली, भिंत पाडली आणि जकातीची हद्द आणखी बाहेर सरकवली. जुन्या भिंतीच्या रेषेवरून आज मेट्रोच्या २ आणि ६ क्रमांकाच्या मार्गिका धावतात. लदूच्या नाक्यांपैकी ला व्हिलेतची गोल इमारत अजून उभी आहे. बेलव्हील शहरात गेलं तसे गुत्ते पुढे सरकले. १८५९मध्ये बास्तीयहून मार्न नदीकडे रेल्वे सुरू झाली होतीच, तेव्हा नोजाँ आणि ज्वँव्हील-ल-पाँच्या काठावर रविवारची गर्दी लोटू लागली. अकॉर्डियन, लाकडी नाचघर, नदीतल्या बारीक माशांची तळणी आणि पांढरी वाइन. अशा जागांना गँगेत म्हणतात. त्यांच्या दारावर पाटी असे: ‘इथे आपलं जेवण आणायला हरकत नाही.’ डबा तुमचा, वाइन आमची. १९७०मध्ये मार्नमध्ये पोहण्यावर बंदी आली आणि काठाची रया गेली, तरी ज्वँव्हीलचं ‘शे जेजेन’ टिकून आहे.

गँगेत रविवारची. बिस्त्रो सोमवार ते शुक्रवारचा, आणि त्याला एका कायद्याने बळ दिलं. १८९४मध्ये फ्रान्सने कारखान्यांच्या आरोग्याचे नियम केले. त्यांत एक असा होता की कामगाराने कामाच्या जागी जेवायचं नाही. शिसं, रंग, धूळ, रसायनं यांच्यातच बसून भाकरी तोडणारी माणसं आजारी पडत होती. शिवाय जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी करून हवा खेळवायची होती. हा नियम आजच्या कामगार कायद्यातही आहे. कोरोनाच्या साथीत, फेब्रुवारी २०२१मध्ये, सरकारने तो काही काळ सैल केला, तेव्हा कामाच्या टेबलाशी बसून सँडविच खाणं इतके दिवस नियमबाह्य होतं हे जगाला कळलं. उपनगरांत कारखाने होते, कारखान्यांत हजारो माणसं होती आणि बाराचा भोंगा झाला की त्या माणसांना बाहेर पडणं भाग होतं. फाटकासमोर बिस्त्रो उघडले. घरून आणलेला डबा तिथे गरम करून मिळे, गिऱ्हाइकाने वाइन घेतली की झालं. हळूहळू डबा मागे पडला आणि मालकिणीच्या पातेल्यातलं जेवण आलं.

त्या पातेल्यामुळेच बिस्त्रोचं जेवण आज आहे तसं आहे. स्वयंपाकघर अरुंद, शिजवणारा एक, फार तर दोघं, आणि पन्नास-साठ माणसं एकाच वेळी येऊन बसणार. तेव्हा सकाळी आठला चढवून साडेअकराला उतरेल असंच काहीतरी हवं. मांसाचे स्वस्त भाग चिवट असतात, त्यांना दोन-तीन तास मंद आच लागते, आणि तेवढी आच मिळाली की ते महागड्या तुकड्यांपेक्षा चवदार होतात. ब्लाँकेत द व्हो हा त्यातला माझ्या मते सर्वांत शहाणा पदार्थ. वासराच्या खांद्याचं किंवा छातीचं मांस. ते परतायचं नाही, रंग येऊ द्यायचा नाही. थंड पाण्यात घालून, वर येणारा फेस काढत, गाजर, लीक आणि लवंग टोचलेला कांदा यांच्यासोबत ते नुसतं मंद शिजत ठेवायचं. मग तेच पाणी लोणी-मैद्यावर घालून दाट करायचं. शेवटी अंड्याचा पिवळा बलक, साय आणि लिंबाचा रस. इथे कसोटी लागते, कारण बलक पडल्यावर रस्सा उकळला की तो फाटतो आणि पन्नास ताटं वाया जातात. साडेबाराच्या धांदलीत आच राखणारा स्वयंपाकी खरा. ताटात सगळं पांढरं, फिकट, बाजूला भात. दिसायला आजारी माणसाचं जेवण वाटतं, पण पहिल्याच घासाला रश्शाचा स्निग्धपणा आणि मागून येणारं लिंबू कळतं.

त्याच्या आधी येतं ते अंडं-मेयोनेझ. उकडलेली अंडी अर्धी चिरून, उपडी ठेवून, वर मेयोनेझ. बस्स. यात लपवायला जागा नाही. अंडं नऊ-दहा मिनिटं उकळायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं, नाहीतर बलकाभोवती हिरवट कडी येते. मेयोनेझ त्याच सकाळचं हवं: कच्चा बलक, मोहरीचं वाटण, मीठ, आणि घोटता घोटता तेलाची बारीक धार. बलकातल्या लेसिथिनमुळे तेलाचे थेंब धरून राहतात. धार घाईने जाड केली की ते सुटतं. तयार मेयोनेझ अंड्यावर बसून राहिलं पाहिजे, ओघळता कामा नये आणि गोळाही होता कामा नये. क्लोद लबे या खाद्यसमीक्षकाने १९९०मध्ये या एका पदार्थाच्या रक्षणासाठी संघटना काढली. मला त्यात काहीही अतिशयोक्त वाटत नाही. जिथे हे अंडं चांगलं, तिथे पुढचंही चांगलं निघतं.

आत शिरताना पहिलं काम ‘बाँझूर’ म्हणण्याचं. न बोलता टेबलाकडे गेलात तर तो उद्धटपणा ठरतो आणि पुढचा तासभर तो जाणवतो. भिंतीवर खडूने लिहिलेली पाटी असते: सुरुवातीचे दोन-तीन पदार्थ, मुख्य जेवणाचे दोन-तीन, गोडाचे तेवढेच. पाटी जितकी आखूड तितका भरवसा जास्त. छापील मेनूत चाळीस पदार्थ असतील तर ते फ्रीझरमधून येतात हे उघड आहे, आणि फ्रान्समध्येही तयार पाकिटं फोडून वाढणारी ठिकाणं कमी नाहीत. २०१४पासून घरी शिजवलेल्या पदार्थाजवळ छप्पर असलेल्या कढईचं चिन्ह लावता येतं. ते पाहून घ्यावं. पाव आणि नळाचं पाणी जेवणाच्या किमतीतच येतं. १९६७च्या एका सरकारी आदेशाने ते तसं बांधून दिलं आहे, म्हणून बाटलीचं पाणी गळ्यात मारून घेऊ नये, ‘काराफ दो’ मागावं. पाणी पुष्कळदा दुरालेक्स कंपनीच्या जाड काचेच्या ग्लासात येतं. फ्रान्समधलं प्रत्येक मूल शाळेच्या जेवणात या ग्लासाच्या बुडाचा आकडा वाचून ‘माझं वय इतकं’ असं म्हणत वाढलेलं असतं. तो खरं तर साच्याचा क्रमांक. ही कंपनी बुडायला आली तेव्हा २०२४मध्ये तिच्या कामगारांनीच सहकारी संस्था करून ती चालवायला घेतली. बिल मागितल्याशिवाय येत नाही. सेवाशुल्क किमतीत धरलेलं असतं.

कुणी चालवले हे बिस्त्रो? आधी ओव्हेर्न आणि आव्हेराँच्या डोंगरातून आलेल्या गरीब लोकांनी. पॅरिसमध्ये त्यांनी पखालजींसारखं घरोघर पाणी वाहिलं, नळ आल्यावर कोळसा आणि सरपण विकलं, आणि कोळशाच्या वखारीच्या कोपऱ्यात वाइनचं पिंप मांडलं. नवरा कोळशाची पोती घेऊन जिने चढायचा, बायको गल्ल्यावर बसायची. दुकानावर दोन्ही धंदे लिहिलेले असत: वाइन आणि कोळसा. या मंडळींचं ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे वृत्तपत्र १८८२पासूनचं. गावचा पोरगा यायचा, ओळखीच्याकडे ग्लास धुवायचा, पैसे साठवून आणि नातलगांकडून उसने घेऊन स्वतःचा गल्ला मांडायचा. आजही कॉफीवाले आणि बिअरवाले नव्या मालकाला कर्ज किंवा यंत्र देतात आणि बदल्यात माल आपल्याकडूनच घ्यायची अट घालतात. इतकं सुंदर जेवण झाल्यावर कॉफी कडवट का येते, याचं कारण बऱ्याचदा त्या करारात असतं.

त्यांच्यामागून उपनगरांत अल्जीरियातल्या कबाइली डोंगरातले लोक आले. खाली कॅफे, वर भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांत एकाच गावचे पुरुष. पत्रं या पत्त्यावर यायची, नोकरीची बातमी इथेच कळायची, गावी मयत झाल्यास इथेच वर्गणी जमायची. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९५४ ते १९६२, या कॅफेंतून चळवळीची वर्गणी गोळा झाली आणि दोन प्रतिस्पर्धी गटांनी एकमेकांची माणसं इथेच मारली. स्लिमान अझेम या गायकाची परदेशी राहण्याच्या दुःखाची गाणी अशाच कॅफेंत ऐकली गेली. साठच्या दशकात नाणं टाकलं की गाण्याचं चित्र दाखवणारी स्कोपितोन यंत्रं आली, तीही इथे. आज उपनगरातल्या पुष्कळ बिस्त्रोंच्या गल्ल्यावर त्यांची मुलं-नातवंडं आहेत आणि तीच सर्वांत जुन्या पद्धतीची ब्लाँकेत शिजवतात. फ्रेंच स्वयंपाक कुणाचा, असा वाद घालणाऱ्यांनी आधी यांच्याकडे जेवून यावं.

ही सगळी व्यवस्था तगून आहे ती नोकरदारांना मिळणाऱ्या जेवणाच्या कुपनावर. १९६७मध्येच त्याला कायद्याची चौकट मिळाली. कुपनाच्या किमतीचा ५० ते ६० टक्के भाग कामावर ठेवणारा मालक भरतो, उरलेला पगारातून कापला जातो. आता बहुतेक ठिकाणी त्याचं कार्ड झालं आहे. दिवसाला २५ युरोपर्यंत खर्च करता येतात, रविवारी सहसा नाही. पाटीवरचे दोन पदार्थ उपनगरात साधारण १५ ते २० युरोंत मिळतात, म्हणजे थोडे पदरचे पैसे घालून कारकून, नर्स, प्लंबर असं कुणीही बसून जेवू शकतो. तरीही दिवस कठीण आहेत. १९६०च्या सुमारास फ्रान्सभर सुमारे दोन लाख कॅफे-बिस्त्रो होते, आता चाळीस हजारांच्या आत आहेत. बियाँकूरचा रनोचा कारखाना १९९२मध्ये बंद झाला तेव्हा फाटकासमोरची गिऱ्हाइकी एका झटक्यात गेली. पुढे कार्यालयं आली, पण त्यांची स्वतःची कँटीन असतात, आणि घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून शुक्रवारची दुपार ओस पडते. सुपरमार्केटमध्येही कुपन चालतं, तेव्हा लोक त्यावर पास्त्याची पाकिटं आणि दही भरतात. माझं स्पष्ट मत आहे की ही सवलत बंद व्हावी. कुपन माणसाला टेबलापर्यंत आणण्यासाठी होतं. दुसरीकडे, जून २०२४मध्ये मेट्रोची १४ क्रमांकाची मार्गिका सँ-दनी प्लेयेलपर्यंत पोचली. तिच्यानंतरच्या नव्या मार्गिकांच्या कामांवरचे मजूर, क्रेनवाले, सर्व्हेअर चिखलाच्या बुटांनी आत येऊन पाटी वाचतात, आणि त्यांच्यासाठी कुणी खुर्ची मागे ओढताना नाक मुरडत नाही.

मराठी माणसाने जाताना एवढं ध्यानात ठेवावं. वासराचं, गाईचं, डुकराचं मांस या पाट्यांवर सर्रास असतं, आणि मसुराच्या सॅलडमध्येही बेकनचे तुकडे सापडतात, तेव्हा मागवायच्या आधीच सांगावं. शाकाहाऱ्याला व्हिनेगर घातलेलं लीक, बटाटे आणि चीज यांवर भागवावं लागतं. अंडं चालत असेल तर सोपं जातं, मोहरीच्या मेयोनेझमधला किसलेला सेलरीचा कंदही मग घेता येतो. शुक्रवारी मासा असतो, ती जुनी कॅथलिक सवय धर्म सुटला तरी स्वयंपाकघरांनी सोडलेली नाही. आणि कबाइली मालकाच्या बिस्त्रोत गुरुवारी किंवा शुक्रवारी पाटीवर कुसकुस दिसला तर दुसरं काही मागवू नये. रवा वाफवून हाताने मोकळा केलेला असतो, सलगम, गाजर आणि हरभऱ्यांचा रस्सा वेगळ्या वाडग्यात येतो, आणि संपला की पुन्हा मागता येतो. मात्र ओळखीची गिऱ्हाइकं सकाळीच फोन करून आपलं ताट राखून ठेवतात, म्हणून एक वाजता पोचणाऱ्याला पाटीवरची ती ओळ पुसलेलीच मिळते.