टी-शर्टवरचा तारपा

मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. विषय मात्र माझ्या गावचा आहे.

मागच्या गॅदरिंगला आपल्या होस्टेलच्या टी-शर्टवर तारपा नाच होता, आठवतो ना? ते डिझाइन मीच नेटवरून फुकटात उतरवलं होतं. सुट्टीत तोच टी-शर्ट घालून मासवणला गेलो, तर शेजारच्या मावशींनी विचारलं, "हे कोणी लिहिलं रे?" मावशी लग्नघरी चौक लिहितात (हो, लिहितात, वारली चौक 'काढत' नाहीत). मला काही उत्तर देता आलं नाही.

मग शोधाशोध केली. कॉपीराइट असतो एका लेखकाचा, आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी पहिली कोण, हे कोण सांगणार? गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात ही कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण कला सगळ्या समाजाची. २०१० साली तर कोका-कोलाने दिवाळीच्या जाहिरातीत वारली चित्रं वापरली!

यावर उपाय काढला आपल्याच भागातल्या तरुणांनी. आदिवासी युवा सेवा संघाने २०११ मध्ये भौगोलिक मानांकनाची, म्हणजे जीआयची, खटपट सुरू केली आणि ते मिळवलं. पुढे वारली आर्ट फाउंडेशन ही ना-नफा कंपनीही निघाली. जीआयचा १९९९चा कायदा हक्क एकट्याला देत नाही, समूहाला देतो. दर १० वर्षांनी नूतनीकरण करायचं, आणि प्रत्येक कलाकाराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंद करायची. गोम अशी की संरक्षण नावाला आहे. त्रिकोणी माणसं काढायला कुणालाच बंदी नाही. भलत्याच ठिकाणी मशीनवर छापलेला माल 'वारली पेंटिंग' म्हणून विकायला आहे. म्हणजे आमचा टी-शर्ट कायद्याने सुटला. मावशींपुढे नाही सुटला.

इथे मला इथिओपियाची बेथलेहेम तिलाहुन अलेमु भारी वाटते. तिच्याकडे जुन्या टायरच्या तळव्याची चप्पल पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. २००४ साली, विशीत असताना, तिने आदिस अबाबातल्या आपल्याच गरीब वस्तीत 'सोलरेबल्स' काढली. वस्तीतलेच कारागीर, ब्रँडही तिथलाच, आणि बूट थेट परदेशात. आपल्याकडे शिक्का आला, पण दुकान अजून बऱ्याचदा दुसऱ्याचंच असतं, असं माझं मत.

मावशींची नोंद झालेली नाही. तो फॉर्म मी भरून देणार आहे. यंदाच्या चित्राचे त्यांनी १५०० रुपये सांगितलेत. कमिटीत वाद चालू आहे, "नेटवर फुकट मिळतं ना!" अरे, १८० जणांत वाटले तर माणशी साडेआठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. कॅन्टीनचा कटिंग याहून महाग आहे. मीटिंग शुक्रवारी, मेसच्या जेवणानंतर. या सगळे.