टाकी भरायला शंभर डॉलर पुरेनात

जुलै २००८मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेले आणि अमेरिकेत पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला, ४ डॉलर ११ सेंट झाला. जनरल मोटर्सच्या शेवरोले टाहो या मोठ्या एसयूव्हीची टाकी २६ गॅलनची. ती भरायला शंभर डॉलरही पुरेनात. पेट्रोलवरचा केंद्रीय कर तिथे १९९३पासून गॅलनला १८.४ सेंटच आहे. भावात कराचा वाटा कमी, त्यामुळे तेलाचा झटका थेट पंपावर बसतो.

हिशेब साधा आहे. वर्षाला १२ हजार मैल चालणारी आणि गॅलनला १२ मैलांचे ॲव्हरेज देणारी गाडी हजार गॅलन पिते. तिचे ॲव्हरेज १५ झाले तर २०० गॅलन वाचतात. छोट्या मोटारीचे ॲव्हरेज ३०वरून ४०वर नेले तरी वाचतात फक्त १००. खरी बचत मोठ्या गाड्यांतच होती, आणि कायद्याने नेमकी तिथेच ढिलाई दाखवली.

अरब देशांच्या १९७३च्या तेलबंदीनंतर, १९७५मध्ये अमेरिकेने ॲव्हरेजची सक्ती केली. मोटारींना १९८५पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल गाठायचे होते. ‘हलक्या ट्रक’ना मात्र सवलत मिळाली. पिकअपच्या सांगाड्यावर उभी राहिलेली एसयूव्ही मुलांना शाळेत सोडायला वापरली, तरी कायद्याच्या लेखी ती ट्रकच. हमर एच-२ तर इतकी जड की त्या नियमाच्या कक्षेतच येत नव्हती. छोट्या मोटारीत नफा तुटपुंजा, मोठ्या गाडीत घसघशीत. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या सगळे वजन याच एका पारड्यात टाकून बसल्या.

मग ते पारडे कोसळले. मे २००८मध्ये फोर्डच्या एफ-सिरीज पिकअपला मागे टाकून होंडा सिव्हिक खपात पहिली आली. क्रायस्लरने नव्या गिऱ्हाइकांना तीन वर्षे २ डॉलर ९९ सेंटने पेट्रोल देण्याची हमी दिली. तरी गिऱ्हाईक फिरकेना. जुनी एसयूव्ही विकायला काढणाऱ्यांची स्थिती आणखी वाईट: अनेकांच्या कर्जाची बाकी गाडीच्या किमतीहून जास्त.

३ जून २००८ला जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांनी मोठ्या गाड्यांचे चार कारखाने बंद करण्याची घोषणा केली. त्यातला एक विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचा, १९१९पासून चाललेला. २३ डिसेंबरच्या सकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी तिथली शेवटची गाडी, एक काळी टाहो, लाइनवरून उतरली. त्या दिवशी पेट्रोल दोन डॉलरच्याही खाली आले होते. पण तोवर आर्थिक मंदीने गाठले होते. कारखाना वाचला नाही, आणि १ जून २००९ला कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली. भावाच्या चढउताराची सर्वांत मोठी किंमत मोजली ती मोठ्या गाड्यांचा निर्णय ज्यांच्या हातात कधीच नव्हता, त्या कामगारांनी.

फोर्डने मिशिगनमधल्या वेन इथल्या कारखान्यात अवाढव्य एक्स्पेडिशन बंद करून छोटी फोकस बनवायला घेतली. पेट्रोल पुन्हा स्वस्त झाले, गिऱ्हाईक पुन्हा मोठ्या गाडीकडे वळले. २०१८मध्ये तिथली फोकस थांबली. त्याच कारखान्यातून मग रेंजर पिकअप आणि ब्राँको एसयूव्ही बाहेर पडू लागल्या.