इंजिनाला हरवलं, असं छापायचं तर

१८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. नाव ‘एसेज ऑन चेस’, लेखक त्रिवेंगडाचार्य शास्त्री. ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथावरून ते केलेलं होतं आणि या ग्रंथाचा संबंध पुण्याच्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबाराशी सांगितला जातो. पुस्तकाच्या शीर्षकपानावर एक छोटी नोंद आहे: हे पुस्तक ‘लेखकासाठी’ छापलं. म्हणजे आजच्या भाषेत शास्त्री स्वतःच आपल्या पुस्तकाचे प्रकाशक होते.

पुस्तकात मुख्यतः पटावरच्या अवघड स्थिती आहेत. कुणाची शिफारस नसली, नामांकित प्रकाशकाचा शिक्का नसला, तरी वाचकाचं काही अडत नव्हतं. पट मांडायचा, मोहरी लावायची आणि लेखक म्हणतो ते खरं की खोटं, हे आपणच पाहायचं. वाचक घरबसल्या पडताळू शकेल अशी पुस्तकं फार थोडी असतात. बुद्धिबळाचं पुस्तक त्यांत मोडतं, म्हणूनच हा विषय स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्याला पूर्वीपासून मानवत आला आहे.

आता या वाटेने एक नवा दावा येऊ लागला आहे: ‘मी संगणकाला हरवलं.’ बल्गेरियाचे ल्युदमिल त्स्वेत्कोव यांनी २०१७ मध्ये स्टॉकफिश आणि कोमोडो या इंजिनांना, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामांना, कसं हरवायचं, यावर स्वतःच पुस्तक काढलं. पुण्यातही हे कुणाला अशक्य नाही. इंजिन फुकट मिळतं, ते मोबाइलवर चालतं आणि डीटीपी करून देणारे सदाशिव-नारायण पेठेत हाकेच्या अंतरावर आहेत. अडचण छपाईची नाही. आपला दावा वाचकाला पडताळता येईल अशा रीतीने मांडणं, ही खरी मेहनत आहे.

दावा किती मोठा आहे, हे इतिहासावरून कळतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाकडून पहिला डाव हरला, पण सामना त्याने ४-२ असा जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला सुधारित डीप ब्लूने त्याला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी नमवलं. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होतं. पुढची काही वर्षं लढत तुल्यबळ राहिली. व्लादिमिर क्रामनिक आणि डीप फ्रिट्झ हे इंजिन २००२ मध्ये बहारीनला ४-४ असे बरोबरीत सुटले. २००३ मध्ये कास्पारोव्हने आधी डीप ज्युनियरशी आणि मग एक्स-थ्री-डी फ्रिट्झशी सामने बरोबरीत सोडवले.

मग पारडं एका बाजूला झुकलं. जून २००५ मध्ये लंडनला हायड्रा या यंत्राने ग्रँडमास्टर मायकेल अॅडम्सला साडेपाच विरुद्ध अर्ध्या गुणाने हरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पेनमधल्या बिल्बाओला ग्रँडमास्टर रुस्लान पोनोमारिओव्हने फ्रिट्झवर एक डाव जिंकला. स्पर्धेच्या नेहमीच्या वेळेत, कुठलीही सवलत न घेता अव्वल इंजिनाविरुद्ध माणसाने मिळवलेला अखेरचा विजय म्हणून याच डावाकडे बोट दाखवलं जातं. २००६ मध्ये बॉन इथे तेव्हाचा विश्वविजेता क्रामनिक डीप फ्रिट्झकडून ४-२ असा हरला. त्यातल्या दुसऱ्या डावात त्याला एका खेळीत होणारी मात दिसली नाही. विश्वविजेत्याने शांतपणे वजीर हलवला आणि पुढच्याच खेळीला फ्रिट्झच्या वजिराने त्याच्या राजाजवळ येऊन मात केली. यंत्राची नजर कधी थकत नाही, हे त्या एका खेळीने दाखवून दिलं.

तरीही इंजिनं चुकत होती आणि त्यांच्या चुकांना एक ठरावीक वळण होतं. नोव्हेंबर २००३ मधला कास्पारोव्ह आणि एक्स-थ्री-डी फ्रिट्झचा तिसरा डाव पाहावा. सहाव्याच खेळीला कास्पारोव्हने प्यादं पुढे ढकलून पटाचा मध्य बंद करायला घेतला. प्यादी एकमेकांसमोर अडकली, मारामारी थांबली आणि पुढचे बेत दूरचे झाले. कास्पारोव्ह वजिराच्या बाजूने संथपणे प्यादी पुढे नेत राहिला, तर फ्रिट्झ आपली मोहरी बिनकामाची मागेपुढे हलवत बसला. पुढच्या काही खेळ्यांत काही घडणार नसेल, तर आपली कोंडी होते आहे हे त्या काळच्या इंजिनाला उमजत नसे. ४५ खेळ्यांत कास्पारोव्ह जिंकला.

याच कमकुवतपणाचं दुसरं टोक २००८ मध्ये दिसलं. ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने रिबका या त्या वेळच्या नामांकित इंजिनाला ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावात २७१ खेळ्यांत हरवलं. स्थिती बंद होती आणि गुणांच्या हिशोबात रिबका पुढे होतं. प्यादं न हलवता आणि एकही मोहरं न मारता ५० खेळ्या गेल्या, तर डाव बरोबरीत सुटतो. आपण पुढे असताना बरोबरी नको, म्हणून रिबकाने स्वतःच आपली तटबंदी फोडली आणि नाकामुराने आत घुसून डाव घेतला.

माणसाच्या आणि इंजिनाच्या नजरेतला हा फरक पटावर प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर २०१७ मध्ये गणितज्ञ रॉजर पेनरोज यांच्या नावाच्या संस्थेने जगापुढे ठेवलेली स्थिती मांडावी. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी, बस्स. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट आणि पाच प्यादी. तेव्हाची इंजिनं काळा प्रचंड पुढे असल्याचं सांगत होती. आता नीट पाहा. काळ्याचा राजा, वजीर आणि दोन्ही हत्ती पटाच्या एका कडेला स्वतःच्याच प्याद्यांमागे अडकलेत, एकालाही हलता येत नाही. हलू शकतात ते फक्त उंट, आणि तिन्ही उंट काळ्या घरांतले. पांढऱ्याची चारही प्यादी पांढऱ्या घरांत, त्यामुळे उंटांना त्यांच्यापर्यंत पोहोचताच येत नाही. पांढऱ्यापुढे हत्ती मारायची संधी आयती ठेवलेली आहे, पण तो मारला की काळ्याची कोंडी फुटते. पांढऱ्याने मोह टाळावा आणि आपला राजा पांढऱ्या घरांतून फिरवत राहावं. डाव बरोबरीत. मन लावून पाहिलं, तर शाळकरी मुलालाही हे उमगतं.

मात्र इंजिनं तेव्हा होती तशीच राहिली नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिशशी झालेल्या १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. स्वतःशीच खेळून शिकणाऱ्या यंत्राचा हा प्रताप होता. २०२० मध्ये खुद्द स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं. बंद स्थितीचा जुना डावपेच त्यानंतर पुष्कळ बोथट झाला. मॅग्नस कार्लसनने गाठलेलं माणसांतलं सर्वोच्च मानांकन २८८२. इंजिनांच्या आपसांतल्या यादीत वरची इंजिनं ३५०० च्या पुढे असतात. दोन याद्या वेगळ्या असल्या, तरी अंतर केवढं आहे याची कल्पना येते.

त्यामुळे ‘मी हरवलं’ म्हणणाऱ्या पुस्तकाने पहिल्याच पानावर काही गोष्टी सांगून टाकाव्यात. कोणतं इंजिन आणि त्याची कोणती आवृत्ती? ते मोबाइलवर चालत होतं की ताकदवान संगणकावर? विचाराला दोघांना किती वेळ होता? इंजिनाची पातळी मुद्दाम कमी केली होती का? खेळी परत घेतली का? सुरुवातीच्या खेळ्या कुणी ठरवल्या? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जिंकलेल्या एका डावामागे हरलेले डाव किती? शेकडो डावांतला एकच डाव निवडून छापला, तर वाचकाला मिळतो तो निव्वळ योगायोग. सगळे डाव मोजून दिले, तर त्यातून अभ्यास उभा राहतो.

सवलत घेऊन खेळण्यातही कमीपणा नाही, ती सांगितली पाहिजे एवढंच. ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर डेव्हिड स्मर्डनने २०२० मध्ये कोमोडोविरुद्धचा सामना ५-१ असा जिंकला. त्यात इंजिन एका घोड्याविना खेळत होतं आणि हे आधीच जाहीर होतं. एका घोड्याच्या आधारावर माणूस यंत्राला कसा रोखतो, हा विषयच मुळात वाचनीय आहे.

छपाईचं काम त्यामानाने सोपं. डाव ‘पीजीएन’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात साठवता येतात आणि कुठलाही बुद्धिबळ-प्रोग्राम ते वाचतो. खेळ्या लिहिताना मोहऱ्यांच्या इंग्रजी अक्षरांऐवजी त्यांची छोटी चित्रं वापरावीत. तशी वापरली की मराठी वाचक अडखळत नाही. दर पाच-सहा खेळ्यांनी पटाची आकृती हवी, नाहीतर पट समोर नसलेला वाचक हरवतो. प्रूफ वाचताना प्रत्येक डाव पटावर पुन्हा खेळून पाहावा, कारण एका घराचा आकडा चुकला की पुढचं सगळं पान निरर्थक होतं. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रकाशकाने एकेक प्रत पाठवायची असते. लेखक-प्रकाशकही त्यातून सुटत नाही. मोठी आवृत्ती काढून घरात गठ्ठे रचण्यापेक्षा मागणीप्रमाणे प्रती छापून घेणं परवडतं. सगळे डाव, हरलेले धरून, क्यूआर कोडमागे ठेवले की वाचक ते थेट इंजिनावर तपासू शकतो.

पुण्यात अशा पुस्तकाला वाचक नक्की आहे. अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले, सौम्या स्वामिनाथन २००९ मध्ये मुलींची कनिष्ठ जगज्जेती झाली. २०१४ ची जागतिक कनिष्ठ स्पर्धा आणि एप्रिल २०२५ ची महिला ग्रां प्री याच शहरात झाली. इथली मुलं डाव संपला की लगेच इंजिन उघडतात. पडद्यावर कोण किती पुढे आहे हे सांगणारा उणे दीड असा आकडा येतो, त्याखाली एक खेळी येते आणि मूल पुढे सरकतं. त्या मुलाला आज कमतरता आहे ती त्या आकड्यामागचं कारण साध्या मराठीत उलगडून सांगणाऱ्या पुस्तकाची. इंजिनाचा हिशोब कुठे चुकला, माणसाने तो कसा ओळखला आणि इंजिनाच्या पुढच्या आवृत्तीत तीच चूक दिसते का, हे पटावर मोहरी लावून दाखवणारं पुस्तक काढलं, तर लेखकाने एकच डाव जिंकलेला असला तरी चालेल.