आजी रात्रभर जागी का राहायची? वृद्धाश्रमाचं डिझाइन समजून घेऊया

मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन होतं, म्हणून आजीला दोन महिने मालेगावजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. माणसं चांगली, जेवण वेळेवर. पण तिसऱ्या आठवड्यात फोन आला: आजी दिवसा पेंगते, रात्री फिरते आणि बाथरूम समजून दुसऱ्यांची दारं उघडते. "वय झालं आता," असं आम्ही सगळेच म्हणालो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ॲपमधलं बटण लोकांना सापडत नसेल तर आधी डिझाइन तपासायचं, लोकांना दोष द्यायचा नाही, हे आमच्या कामात पहिल्यांदा शिकवतात. तोच नियम मी त्या इमारतीला लावून बघितला.

उजेड किती?

फोनच्या लाइट सेन्सरवर चालणारं लक्स मीटर ॲप उघडलं. लक्स म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप. आजीच्या खोलीची खिडकी डक्टमध्ये उघडायची. भर दुपारी, ट्यूबलाइट लावूनही खाटेजवळ ९० लक्स! बाहेर व्हरांड्यात, सावलीतसुद्धा, ३,००० च्या वर.

याने काय फरक पडतो? झोपेचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर, त्यातही निळसर भागावर, जुळवलं जातं. वयानुसार डोळ्याचं भिंग पिवळसर होतं आणि बाहुली लहान होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. आजीने तर साठी कधीच ओलांडलेली. म्हणजे आपल्याला ठीक वाटणाऱ्या खोलीत तिच्यासाठी दिवसभर संध्याकाळच. मग रात्र झाली हे शरीराला कळणार कसं?

नेदरलँड्समधल्या १२ निवासी केंद्रांत १८९ ज्येष्ठांवर यावर अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही केंद्रांच्या बैठकीच्या हॉलमध्ये दिवसा सुमारे १,००० लक्स उजेड ठेवला होता. तिथे उदासीची लक्षणं कमी दिसली, बुद्धीची घसरणही किंचित मंदावली. चमत्कार नाही, पण नुसत्या दिव्यांनी एवढं झालं.

दार कुठलं?

वयानुसार रंगांमधला बारीक फरकही कमी दिसतो. तिथली सगळी दारं क्रीम, भिंतीही क्रीम. आजी चुकत नव्हती, तिला खूणच नव्हती.

आम्ही काय केलं?

संस्थेच्या ताईंशी बोलून तीन गोष्टी केल्या. सकाळी सात ते नऊ आजीची खुर्ची व्हरांड्यात, कारण त्यानंतर मालेगावचं ऊन भाजून काढतं. बाथरूमच्या दाराला लाल रंग. आणि खाटेपासून बाथरूमपर्यंत, जमिनीलगत, पिवळसर मंद दिवे. असा प्रकाश झोपेच्या घड्याळाला कमी छेडतो. दोन आठवड्यांत रात्रीचं फिरणं बरंच कमी झालं. पूर्ण थांबलं नाही, पण दुसऱ्यांची दारं उघडणं थांबलं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. खाटा मोजल्या जातात. उजेड सहसा कोणी मोजत नाही.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर आजच त्यांच्या खाटेजवळ फोन धरून बघा. "वय झालं" म्हणण्याआधी तो आकडा बघा.