जन्मसिद्ध नागरिक : अमेरिकेचा एक शब्द आणि बारामतीकरांचे पत्र

राष्ट्राचे सर्वोच्च पद त्या भूमीत जन्मलेल्यासच मिळावे, की तिला आपली मानून तेथे स्थायिक झालेल्यासही मिळावे, हा वाद अमेरिकेत फार जुना आहे. पुणे जिल्ह्यातील वाचकांस मात्र तो परका वाटण्याचे कारण नाही. १९९९ च्या मे महिन्यात बारामतीचे खासदार श्री. शरद पवार यांनी श्री. पूर्णो संगमा व श्री. तारिक अन्वर यांजसह काँग्रेसच्या अध्यक्षा श्रीमती सोनिया गांधी यांस एक पत्र धाडिले. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान ही पदे जन्मसिद्ध नागरिकांनाच मिळावीत, अशी घटनादुरुस्ती त्यात सुचविली होती. श्रीमती गांधींचा जन्म इटलीतला, नागरिकत्व १९८३ चे. तेव्हा रोख कोणाकडे होता हे उघडच होते. तिघांस पक्षातून काढण्यात आले आणि १० जून रोजी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दोन्ही पक्षांनी मिळून मुंबईस सरकार बनविले, ही राजकारणाची तऱ्हा. आम्हांस येथे पाहावयाचे आहे ते ‘जन्मसिद्ध’ या एका शब्दाकडे.

पदाची अट म्हणून हा शब्द अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेत आला. परकीयाच्या हाती सेनापतिपद जाऊ नये, असे जॉन जे यांनी त्याच वर्षी वॉशिंग्टन यांस पत्राने सुचविले होते. अध्यक्षाचे वय निदान ३५ असावे व देशात १४ वर्षे वास्तव्य असावे, हे घटनाकारांनी आकड्यांनिशी लिहिले. जन्मसिद्ध म्हणजे कोण, हे मात्र सांगितले नाही. शिवाय एक मौजेची अडचण होती. राष्ट्रच नवे, तेव्हा त्यांच्यापैकी प्रौढ असा कोणीही त्या राष्ट्रात जन्मलेला नव्हता! म्हणून घटना स्वीकारतेवेळी जे नागरिक असतील तेही पात्र, असा अपवाद त्यांनी लगोलग जोडला. त्यांचे पहिले सातही अध्यक्ष इंग्रजांची प्रजा म्हणून जन्मले होते.

शब्दाचा अर्थ भूमीवरून घ्यावा की रक्तावरून, हे अध्यक्षपदापुरते तेथील सर्वोच्च न्यायालयाने आजवर ठरविलेले नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांपोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यास १८९८ साली नागरिक ठरविले खरे, पण तो दावा अध्यक्षपदाचा नव्हता. उलट जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या मुलुखात व टेड क्रूझ कॅनडात जन्मूनही, आईबापांकडून आलेल्या नागरिकत्वाच्या बळावर, अनुक्रमे २००८ व २०१६ साली उमेदवारीस उभे राहिले. आपल्या बेळगावात वाढलेले श्री. ठाणेदार २०२२ साली मिशिगनमधून तेथील प्रतिनिधिगृहात निवडून आले. अध्यक्षपदाचे दार मात्र त्यांस बंद. पुण्याहून गेलेल्या एखाद्या दांपत्याच्या तेथे जन्मलेल्या मुलास ते उघडे आहे, मग तो पाळण्यातून थेट आजीकडे सदाशिव पेठेत येऊन येथेच वाढो. पुढे १४ वर्षे तेथे काढिली म्हणजे झाले.

हा शब्द आपल्या घटनेत घातला असता तर? तिच्या ५८ व्या कलमात राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा एवढेच आहे. जन्माची अट नाही. वर्षभरापूर्वीच पंतप्रधानपदावरून उतरलेले श्री. गुजराल झेलमकडचे, तेव्हाचे गृहमंत्री श्री. अडवाणी कराचीचे. अशांचे नागरिकत्व घटनेच्या सहाव्या कलमाने आलेले. जन्मले तेव्हा भारतीय नागरिकत्व ही वस्तूच नव्हती. अमेरिकनांप्रमाणे फाळणीपूर्व जन्माचा अपवाद करता आला असता, हे मान्य. पण मग जन्म हीच निष्ठेची कसोटी, या म्हणण्यात काय उरले?

पत्रकर्त्यांची शंका अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. देशाची सूत्रे कोणाच्या हाती जातात ही काळजी रास्तच आहे. परंतु औरसाइतकाच हक्क दत्तकास देणाऱ्या समाजात ही अट उपरी वाटते. नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळ १८७५ साली दत्तक गेला, आणि बडोद्यास सयाजीरावांसारखा राजा लाभला. कोणावर विश्वास टाकावा हे मतदारांनी पाहावे, कायद्याने जन्मगाव विचारू नये, असे आमचे मत आहे.

ती दुरुस्ती झालीच नाही. २००४ साली श्रीमती गांधींनी पंतप्रधानपद स्वतःहून नाकारिले व ते डॉ. मनमोहन सिंग यांजकडे गेले. त्यांचे जन्मगाव गाह, आज पाकिस्तानात आहे. त्यांच्या मंत्रिमंडळात शेतकी खाते श्री. पवार यांजकडे होते.