हेरातच्या बादलीवरची चांदी

सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एक बादली आहे. वीतभरही उंच नाही. बोब्रिन्स्की या रशियन सरदाराच्या संग्रहातली, म्हणून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कडीवर काळ कोरला आहे: मुहर्रम 559, म्हणजे डिसेंबर 1163. घडली हेरातला, तेव्हाच्या खुरासानात, आजच्या अफगाणिस्तानात.

तिच्यावर चार जणांची नावं आहेत. ती करवून घेणारा अब्दुल रहमान, ओतकाम करणारा मुहम्मद इब्न अब्दुल वाहिद, जडाव करणारा हाजिब मसूद इब्न अहमद. आणि ज्याच्या हाती ती जायची तो झंजानचा व्यापारी रशीदुद्दीन अझीझी. त्याच्या नावाला बिरुदंही केवढी! त्यातलं एक व्यापाऱ्यांचं भूषण. पण ओतणाऱ्याचं आणि जडवणाऱ्याचं नावही त्या श्रीमंत नावासोबत आलं, हे फार मोलाचं वाटतं.

त्याच्या कित्येक शतकं आधी, इराणच्या सासानी राजांच्या काळात, मान होता तो चांदीच्या ताटांचा. शिकार करणारा राजा ताटावर उठून दिसावा म्हणून चांदीचे वेगळे तुकडे घडवून बसवत आणि पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा चढवत. अशी ताटं पार उरल पर्वताच्या परिसरापर्यंत सापडली आहेत. अकराव्या शतकात मात्र पूर्वेकडे चांदीची चणचण झाली. नाण्यांतली चांदीही घटली. चांदीची भांडी घडत राहिली, पण बरीचशी पुढे वितळवली गेली.

हेरातच्या कारागिरांनी थोडक्या चांदीत थाट उभा केला. आधी भांडं ब्राँझचं किंवा पितळेचं. मग टाकीने खाचा पाडायच्या, त्यांच्या कडा आतून किंचित पोखरायच्या आणि चांदीची तार हातोडीने आत ठोकायची. रुंद आकृतीसाठी पातळ पत्रा. त्याच्या कडा खाचेत दाबल्या की तो पक्का बसतो. वितळवून जोडणं नाही, चिकटवणं नाही. बिदरी काम जवळून पाहिलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल. तिथलं भांडं मात्र जस्ताच्या मिश्रधातूचं.

मसूदने बादलीवर पट्ट्यापट्ट्यांनी स्वार, मेजवान्या, पटावरचे खेळ बसवले, कुठे चांदीत, कुठे तांब्यात. एका पट्ट्यातल्या शुभेच्छांच्या अक्षरांना तर माणसांची डोकी आहेत. बादली वितळवली तर चांदी जेमतेम निघेल. अझीझीच्या घरी आलेल्या पाहुण्याला दिसायचं ते तिच्यावरचं एवढं काम.

1221-22 मध्ये मंगोलांनी हेरात उद्ध्वस्त केलं. जडावाची ही कला पश्चिमेला मोसुलमध्ये बहरली. तिथे 1232 मध्ये शुजा इब्न मनाने घडवलेली सुरई आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यावरही कारागिराचं नाव आहे.