परड्यातल्या माशांच्या हौदाला फिल्टर घेताय? डब्यावरचा लिटरचा आकडा बघून फसू नका

कोल्हापूर : परड्यात सिमेंटचा हौद बांधायचा नाहीतर खड्डा काढून जाड ताडपत्री अंथरायची, आणि त्यात गोल्डफिश, कोई, गप्पी सोडायचे. ही हौस आता गावातही दिसू लागली आहे. पहिले पंधरा दिवस सगळं झकास चालतं. मग पाणी हिरवं होतं, वास मारायला लागतं आणि एके दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मग दुकानाकडं धाव घ्यायची आणि मिळेल तो फिल्टर आणायचा. यात पैसे जातात आणि बऱ्याचदा मासेही जातात. म्हणून फिल्टर घेण्याआधी तो नेमकं काय करतो, हे समजून घेतलेलं बरं.

फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे

ठिबकचा फिल्टर शेतकऱ्याला माहीत आहे. त्याचं काम एकच, कचरा अडवायचा. हौदाच्या फिल्टरला त्याहून मोठं काम असतं. मासे जे खाद्य खातात त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. हा अमोनिया डोळ्याला दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असलं तरी तो मासे मारू शकतो. पाण्याचा पीएच जास्त असेल आणि वर उन्हाळा असेल, तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. त्यामुळं क्षाराचं बोअर असलेल्यांनी जास्त जपावं.

यावर उपाय निसर्गातच आहे. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र माशांना फारसं बाधत नाही, उलट झाडांना खत म्हणून चालतं. हे जिवाणू खडी, स्पंज, जाळी अशा वस्तूंना चिकटून वाढतात आणि त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. म्हणजे फिल्टर हे या जिवाणूंचं घर आहे. घर जेवढं मोठं आणि पाणी जेवढं खेळतं, तेवढे मासे सुखरूप.

रंकाळ्याचं पाणी हिरवं पडतं, जलपर्णी माजते, पंचगंगेत शिरोळ तालुक्यात मासे मेल्याच्या बातम्या येतात. तिथंही गणित बरंचसं हेच आहे. पाण्यात घाण जास्त आली की ती कुजताना ऑक्सिजन संपतो. परड्यातला हौद छोटा असल्यामुळं तिथं हेच फार लवकर घडतं.

आधी हौद मोजा

लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटात मोजून गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ३ फूट पाणी असेल तर १२० घनफूट, म्हणजे साधारण ३,४०० लिटर. दोन तासांत सगळं पाणी एकदा तरी फिल्टरमधून फिरलं पाहिजे. म्हणजे या हौदाला तासाला किमान १,७०० लिटर पाणी लागेल.

पंपाच्या डब्यावरचा आकडा मात्र शून्य हेडचा असतो. विहिरीच्या मोटारीसारखंच इथंही आहे. पाणी जेवढं वर चढवायचं, तेवढं ते कमी पडतं. म्हणून डब्यावरचा तक्ता बघून आपल्या उंचीला किती पाणी पडेल ते विचारा. पंप रात्रंदिवस चालणार, तेव्हा वॅटही बघा. ४० वॅटचा पंप महिन्याला साधारण २९ युनिट वीज खातो.

फिल्टरच्या डब्यावर लिहिलेले लिटर बहुधा कमी माशांचा हौद धरून असतात. कोई किंवा गोल्डफिश दाटीनं सोडायचे असतील तर तो आकडा निम्माच धरा.

कोणता फिल्टर कुणाला

बंद डब्याचा प्रेशर फिल्टर जागा कमी घेतो आणि पाणी उंचावर, धबधब्यावरही सोडता येतं. पण तो महाग पडतो. शिवाय लाईट गेली की आतलं पाणी कोंडतं. काही तासांत ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागतात. लाईट आल्यावर पहिलं घाण पाणी हौदात न सोडता बाहेर काढायला लागतं.

उघड्या पेटीचा फिल्टर हौदाच्या काठावर, पाण्यापेक्षा उंच बसतो. पाणी पंपानं वर चढतं आणि आपोआप खाली पडतं. धुवायला सोपा आणि लाईट गेली तरी हवा थोडीफार लागते. जिथं वारंवार लाईट जाते त्या गावात हाच बरा.

घरी बनवायचा असेल तर २०० लिटरचं प्लास्टिक बॅरल पुरतं. त्यात खाली धुतलेली खडी, मध्ये नायलॉनच्या घासण्या किंवा जुनी जाळी आणि वर स्पंज ठेवायचा. पाणी तळातून आत सोडून वरून बाहेर काढायचं. बाहेरचा पाइप आतल्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर बॅरल भरून वाहतं आणि रातोरात हौद रिकामा होतो. फवारणीच्या औषधाचं किंवा ॲसिडचं बॅरल कितीही धुतलं तरी वापरू नका.

पाणी हिरवं होतं म्हणून यूव्ही दिवा घ्यायला सांगितलं जातं. त्यानं शेवाळ मरतं, पण अमोनिया कमी होत नाही. फिल्टर आधी, दिवा नंतर. फिल्टरचं पाणी कर्दळ किंवा अळूच्या वाफ्यातून फिरवून हौदात आणलं तर नायट्रेट झाडं खातात आणि शेवाळही कमी होतं.

नवा फिल्टर लगेच काम करत नाही

जिवाणू जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच सोडा आणि खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच टाका. ओळखीच्या कुणाचा चांगला चाललेला हौद असेल, तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा आणून आपल्यात ठेवा. विरजण लावल्यासारखा तो काम करतो. ज्याच्या हौदात मासे आजारी आहेत तिथून मात्र आणू नका.

सगळ्यात मोठी चूक होते धुताना. नळाच्या पाण्यात टीसीएल असतं आणि ते जिवाणू मारतं. स्पंज हौदातल्याच बादलीभर पाण्यात हलका पिळा, चकचकीत करू नका. सगळं सामान एकाच दिवशी धुऊ नका. हौदात नवं पाणी घालायचं असेल तर ते उघड्या टाकीत एक दिवस ठेवून मग घाला.

लाईट आणि शॉक

लाईट बराच वेळ गेली तर खाद्य बंद करा आणि कळशीनं पाणी उचलून उंचावरून हौदात ओतत राहा. बॅटरीचा छोटा एअर पंप घरात असला तर उत्तम. पाण्यातल्या पंपाला अर्थिंग आणि गळती झाली की बंद पडणारा ईएलसीबी स्विच लावल्याशिवाय हौदात हात घालू नये. हात घालण्याआधी प्लग काढावा. पोरं हौदाभोवती खेळतात, तिथं जोडाची वायर वापरू नये.

धंदा करायचा असेल तर

शोभेचे मासे वाढवून विकायचे असतील तर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालन युनिटची तरतूद आहे. युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला असून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. सध्या अर्ज सुरू आहेत का, हे खर्च करण्याआधी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं.

दुकानात जाताना चार गोष्टी चिठ्ठीवर लिहून न्याव्यात : हौदाचे लिटर, माशांची संख्या, पाणी किती फूट चढवायचं आणि गावात लाईट किती तास जाते. ज्या दुकानदाराला या चारही गोष्टी ऐकून मग फिल्टर सुचवता येतो, त्याच्याकडूनच घ्यावा.